पाणबेडकांचा अंतर्कर्ण: पाण्यामुळे नेमके काय बदलते?

डबकेवासी

सभासदांना नमस्कार. उभयचरांच्या ज्ञानेंद्रियांवरील एका चर्चेत असे विधान आले होते की, जे बेडूक आयुष्यभर पाण्यातच राहतात त्यांचा कान पुन्हा माशाच्या कानाकडे झुकलेला असतो. विधान चटकन पटण्यासारखे आहे, पण प्रत्यक्ष शरीररचना पाहू लागल्यावर ते टिकत नाही असे माझे मत आहे. तिथे विषयांतर नको, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

आधी मूळ आराखडा सांगतो. बेडकाच्या अंतर्कर्णात आपल्यासारख्याच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, आणि त्यांच्या खाली युट्रिकल, सॅक्यूल व लॅजीना हे चुन्याचे स्फटिक बाळगणारे कोश असतात. तोल, गती आणि गुरुत्वाकर्षण यांची जाणीव मुख्यतः यांच्याकडून होते. याखेरीज ऐकण्यासाठी दोन वेगळी इंद्रिये असतात. पहिले अँफिबियन पॅपिला. ते बेडूक, सॅलॅमँडर आणि पाय नसलेले सिसिलियन या उभयचरांच्या तिन्ही गणांत आढळते आणि उभयचरांबाहेर कोणातही आढळत नाही. दुसरे बॅसिलर पॅपिला. बुलफ्रॉगचे उदाहरण घेतले तर साधारण १०० ते १००० हर्ट्झपर्यंतचे आवाज पहिल्याच्या वाट्याला येतात आणि त्यापुढचे दुसऱ्याच्या.

या दोन्ही पॅपिलांची एक खुबी मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. आपल्या कानात केशपेशी (माथ्यावर केसांचे झुबके असलेल्या, हालचाल टिपणाऱ्या पेशी) ज्या पटलावर बसलेल्या असतात ते पटलच आवाजाने हलते. बेडकात केशपेशी घट्ट, न हलणाऱ्या ऊतीवर बसतात, आणि त्यांच्यावरचे टेक्टोरियल पटल द्रवाच्या हालचालीबरोबर हलून त्यांचे केसांचे झुबके वाकवते. बॅसिलर पॅपिला ही तर एक आखूड नळी असते. तिच्या भिंतीवर केशपेशींचा छोटासा ठिपका असतो आणि नळीच्या पोकळीत अर्धवट ओढलेल्या पडद्यासारखे हे पटल आडवे आलेले असते. द्रव पुढेमागे झाला की पडद्याची मोकळी कडा डोलते.

आता पूर्ण जलवासी बेडूक कोणते, ते पाहू. सर्वांत चांगला अभ्यास झालेले कुळ म्हणजे पिपिड. आफ्रिकेतले झेनोपस आणि हायमेनोकायरस व दक्षिण अमेरिकेतला पाठीवर पिल्ले वाढवणारा पिपा हे सारे त्यात येतात. यांना जीभ नसते, ते पाण्यात खातात, पाण्यात प्रजनन करतात आणि पाण्याखालीच आवाज काढतात. झेनोपस लेविसच्या नराची हाक म्हणजे वेगवान टिकटिकींची मालिका असते आणि तिची मुख्य वारंवारता २००० हर्ट्झच्या आसपास असते. मादीलाही स्वतःचे टकटक आवाज असतात, आणि नर-मादींची जुगलबंदी चालते हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

पिपिडांच्या डोक्यावर कर्णपटल दिसत नाही. मात्र त्वचेखाली कूर्चेची एक चकती असते, तिच्यामागे हवेने भरलेली मध्यकर्णाची पोकळी असते, आणि चकतीपासून कॉलुमेला हे हाड अंतर्कर्णाच्या अंडाकृती खिडकीपर्यंत जाते. दोन्ही बाजूंच्या युस्टेशियन नलिका घशाच्या छतावर मध्यभागी एकाच छिद्रात उघडतात. इतर बेडकांत त्या वेगवेगळ्या उघडतात. अंडाकृती खिडकीवर बहुतेक बेडकांत ऑपरक्युलम नावाचे आणखी एक कूर्चेचे झाकण असते आणि ते एका स्नायूने खांद्याच्या हाडांशी जोडलेले असते. पिपिडांत ही यंत्रणा नाही.

म्हणजे मोठे बदल दिसतात ते मध्यकर्णात. आत डोकावले तर सॅक्यूल, लॅजीना आणि दोन्ही पॅपिला आपापल्या जागी आहेत. कान माशाकडे परत गेला असता, तर पॅपिला खुरटलेल्या आणि सॅक्यूलने श्रवणाचे काम हाती घेतलेले दिसायला हवे होते. तसे काही दिसत नाही. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

वारणाकाठ

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. प्राण्याचे शरीर बहुतांशी पाण्याचेच असते, त्यामुळे पाण्यातला आवाज शरीरातून विनासायास आरपार जाणार. मग चकती, पोकळी, हाड एवढा खटाटोप हवा कशाला? आवाज थेट अंतर्कर्णापर्यंत पोहोचतोच की.

ध्वनिरेषा

वारणाकाठ, आपल्या प्रश्नातच उत्तर आहे. माझा व्यवसाय ध्वनिअभियांत्रिकीचा आहे, त्यामुळे प्राणिशास्त्राचा भाग इतरांवर सोपवून फक्त भौतिकशास्त्राचे लिहितो.

पाण्याचा ध्वनिरोध, म्हणजे ध्वनिलहरींना माध्यम करते तो विरोध, हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट असतो. म्हणूनच हवेतला आवाज पाण्याच्या किंवा ओल्या ऊतीच्या पृष्ठभागावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो, आणि जमिनीवरच्या प्राण्यांना पातळ कर्णपटल व हाडांची साखळी लागते. पाण्याखाली ही अडचण उरत नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. आवाज शरीरातून आरपार जातो याचा अर्थ शरीर, कवटी, अंतर्कर्णातला द्रव आणि केशपेशी हे सारे भोवतालच्या पाण्याबरोबर एकाच लयीत हलतात. केशपेशीला संदेश मिळतो तो तिच्या बुंध्यात आणि केसांच्या टोकांत सापेक्ष हालचाल झाली तरच. सगळेच एकत्र हलले तर जाणवणार काय?

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जड वस्तू ठेवणे. चुन्याचे स्फटिक ऊतीपेक्षा बरेच घन असल्यामुळे मागे रेंगाळतात आणि त्यांच्याखालचे केस वाकतात. माशाचे सॅक्यूल असेच ऐकते. हा मार्ग कणांची हालचाल मोजतो आणि कमी वारंवारतेला चांगला चालतो. दुसरा मार्ग म्हणजे हवा जवळ बाळगणे. हवा दाबाखाली आकुंचन पावते, पाणी जवळपास पावत नाही; त्यामुळे पाण्यातल्या दाबाच्या चढउतारांनी हवेच्या पोकळीची भिंत भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त हलते. त्या भिंतीला एक काडी जोडून ती अंतर्कर्णापर्यंत नेली, की दाबाचे रूपांतर हालचालीत झाले.

झेनोपसची चकती हे दुसऱ्या मार्गाचे उदाहरण आहे. क्रिस्टेन्सन-डाल्सगार्ड आणि एलेप्फांट यांनी १९९५ साली पाण्याखाली लेझरने या चकतीचे कंपन मोजले, तेव्हा ती दाब टिपणाऱ्या यंत्रासारखी वागते आणि तिच्या कंपनाचे एक शिखर या बेडकाच्या हाकेच्या पट्ट्यात येते असे आढळले.

आणखी एक गोष्ट डबक्याच्या खोलीची. उथळ पाण्यात ठरावीक मर्यादेखालच्या वारंवारता दूर जाऊच शकत नाहीत. तळ कठीण आहे असे गृहीत धरले तर ही मर्यादा ध्वनीचा वेग भागिले खोलीची चौपट इतकी येते. अर्धा मीटर खोल पाण्यात ती ७५० हर्ट्झ आणि २० सेंटिमीटर पाण्यात सुमारे १९०० हर्ट्झ. चिखलाचा मऊ तळ असेल तर मर्यादा आणखी वर सरकते. उथळ डबक्यात दूरवर हाक पोहोचवायची तर ती काही हजार हर्ट्झची असणेच सोयीचे, आणि त्या पट्ट्यात स्फटिकांचा मार्ग कामाचा नाही.

मुशीवाले मास्तर

मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके घेतली. आमच्या काळी अंतर्कर्ण दाखवायचा तो बेडकाचा नव्हे, मुशीचा, म्हणजे लहान शार्क माशाचा. मुशीची कर्णकुपी कूर्चेची असल्यामुळे ब्लेडने तिचे पातळ काप काढत गेले की दुधी कूर्चेतून अर्धवर्तुळाकार नलिकांची वळणे आधी सावलीसारखी दिसू लागत आणि मग हळूहळू मोकळी होत. हात जरा जड पडला की नलिका तुटलीच. बेडकाचा अंतर्कर्ण त्याच्या मानाने फारच लहान, आणि त्यातल्या पॅपिला तर नुसत्या डोळ्यांना दिसणेच अशक्य. म्हणून विद्यार्थ्यांच्या मनात 'अंतर्कर्ण म्हणजे तीन नलिका आणि खाली एक पिशवी' हेच चित्र कायम राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर विच्छेदने मागे पडली, तेव्हा तेही चित्र आता पुस्तकातच उरले आहे.

मात्र डबकेवासी यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. ध्वनिरेषा यांनी हवेच्या पोकळीचे जे वर्णन केले ते वाचून मला रोहू आणि कटला आठवले. या माशांत हवेच्या पिशवीपासून अंतर्कर्णापर्यंत लहान हाडांची साखळी असते. वेबरने १८२० साली तिचे वर्णन केले म्हणून तिला वेबरियन हाडे म्हणतात. शिंगटी, मागूर यांच्यातही ती आहे. हवेची पोकळी, हाड आणि अंतर्कर्ण असा क्रम झेनोपसमध्येही असेल, तर कान माशाकडे झुकला असे म्हणण्यात चूक काय?

डबकेवासी

मास्तर, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. भौतिकशास्त्र एकच आहे. फरक पडतो तो साखळीच्या दोन्ही टोकांना. रोहूत सुरुवात पोहण्याच्या पिशवीपासून होते, हाडे मणक्यांच्या भागांपासून बनलेली असतात आणि हालचाल शेवटी प्रामुख्याने सॅक्यूलच्या स्फटिकांपाशी पोहोचते. झेनोपसमध्ये सुरुवात मध्यकर्णाच्या पोकळीपासून होते. ती पोकळी, ती युस्टेशियन नलिका आणि ते कॉलुमेला हे सगळे हवेत ऐकणाऱ्या पूर्वजांकडून आलेले सामान आहे. शेवटही स्फटिकांपाशी होत नाही, तो द्रवाच्या प्रवाहातून पॅपिलांपाशी होतो. माशाच्या अंतर्कर्णात अँफिबियन पॅपिला नाहीच. तेव्हा दोघे एकाच गावाला पोहोचले, पण आपापल्या वाटेने, असे म्हणता येईल. परत फिरले असे म्हणता येणार नाही.

माशासारखे काही पिपिडांत खरोखर शिल्लक असेल तर ते कानाबाहेर आहे. बहुतेक बेडकांत डिंभावस्था (शेपटीवाल्या पिल्लाची अवस्था) संपताना पार्श्वरेखा, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या त्वचेवरच्या इंद्रियांची रांग, नाहीशी होते. झेनोपसच्या प्रौढाच्या अंगावर मात्र ती टाक्यांच्या रांगांसारखी स्पष्ट दिसते आणि पृष्ठभागावरच्या लहरी टिपण्यासाठी तो ती वापरतो. तिच्यातही केशपेशीच असतात, पण तिच्या नसा वेगळ्या आणि मेंदूतले केंद्रही वेगळे. कमी वारंवारतेची, जवळच्या पाण्याची हालचाल टिपायला हे इंद्रिय आहे, म्हणून कदाचित सॅक्यूलवर ते काम सोपवण्याची गरज पडली नसावी. हा माझा तर्क आहे.

पावशा

पण पाण्यात राहणाऱ्या सगळ्याच बेडकांना अशी चकती नसते ना? अग्निउदरी बाँबिना निम्मे आयुष्य पाण्यात काढतो आणि त्याला कर्णपटलही नाही, कॉलुमेलाही नाही, असे वाचले आहे. उत्तर अमेरिकेच्या थंड, खळाळत्या ओढ्यांतला शेपटीवाला ॲस्काफसही तसाच. मग पाण्यामुळे मध्यकर्ण नष्ट होतो असा नियम काढता येईल का?

डबकेवासी

नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत रोचक वाटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार बेडकांच्या इतिहासात कर्णपटलासह मध्यकर्ण किमान ३८ वेळा स्वतंत्रपणे नाहीसा झाला आहे. त्यात जमिनीवर राहणाऱ्या भेकांच्या कुळातली उदाहरणे भरपूर आहेत. पाणी हे मध्यकर्ण गमावण्याचे सर्वसाधारण कारण असते तर पिपिडांनी तो सर्वांत आधी टाकला असता. त्यांनी तर तो पाण्यासाठी नव्याने घडवला.

बाँबिनाचे म्हणाल तर त्याने हवेचा साठा टाकलेला नाही, फक्त जागा वेगळी आहे. हेदरिंग्टन आणि लिंडक्विस्ट यांनी १९९९ साली बाँबिना ओरिएंटॅलिसवर प्रयोग करून दाखवले की त्याच्यात आवाज फुप्फुसांमार्फत आत पोहोचतो. फुप्फुसांवरची बरगडीविरहित पातळ कूस आवाजाने कंप पावते आणि तिथून कंपन अंतर्कर्णापर्यंत जाते. त्याच्या हाका काही शे हर्ट्झच्याच असतात, तेव्हा ही व्यवस्था त्याला पुरते.

ॲस्काफसची गोष्ट वेगळी. तो हाकच मारत नाही. त्याचा आणि न्यूझीलंडच्या लायोपेल्माचा अंतर्कर्ण तुलनेसाठी फार मोलाचा आहे, कारण लुइस यांनी १९८१ च्या सुमारास दाखवल्याप्रमाणे या दोघांच्या अँफिबियन पॅपिलेत केशपेशींचा एकच ठिपका असतो. बाकीच्या बेडकांत पुढच्या त्रिकोणी ठिपक्यामागे आणखी एक विस्तार असतो, जो बुलफ्रॉगमध्ये लांब आणि इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळलेला आहे. कमी वारंवारता पुढे आणि जास्त वारंवारता मागे अशी तिथे मांडणी असते. म्हणजे पॅपिलेचा मागचा भाग जितका वाढला तितके वरचे आवाज ऐकण्याची सोय झाली. आता पाहा, ॲस्काफस पाण्यातला, लायोपेल्माच्या काही जाती ओलसर जंगलाच्या जमिनीवरच्या, आणि दोघांचा ठिपका सारखाच. झेनोपस पूर्ण पाण्यातला, पण मागचा विस्तार असलेल्यांच्या गटातला. अधिवास पाहून पॅपिलेचा आकार सांगता येत नाही. वंश आणि हाकेची वारंवारता पाहून बराचसा सांगता येतो.

वारणाकाठ

ऑपरक्युलम पिपिडांत का नाही, यावर कुणी लिहील का?

पावशा

मी वाचलेले लिहितो. ऑपरक्युलम स्नायूने खांद्याशी जोडलेले असल्यामुळे जमिनीतली कंपने पुढच्या पायांतून खांद्याकडे आणि तिथून अंतर्कर्णाकडे जातात, असे मानले जाते. ती टिपण्याचे काम सॅक्यूलकडे असते आणि ते यात कमालीचे तरबेज आहे. प्वेर्तो रिकोतल्या पांढऱ्या ओठांच्या बेडकावर नॅरिन्स आणि लुइस यांनी १९८४ साली केलेले काम याबाबत प्रसिद्ध आहे. त्याचा नर ओरडताना गळ्याची पिशवी जमिनीवर आपटतो आणि शेजाऱ्याला तो धक्का जमिनीतून कळतो. आता जो बेडूक पाण्यात तरंगतो त्याच्या पुढच्या पायांखाली जमीन असतेच कुठे? पायांतून येणारा मार्ग त्याच्या कामाचा राहिला नाही, हे स्पष्टीकरण मला पटते.

मुशीवाले मास्तर

स्फटिकांचा विषय निघालाच आहे तर एक पुरवणी जोडतो. बेडकाच्या युट्रिकलमधले स्फटिक कॅल्साइटचे असतात आणि सॅक्यूलमधले ॲरागोनाइटचे. रासायनिक द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट, पण स्फटिकाची घडण वेगळी. झेनोपसही याला अपवाद नाही. शिवाय अनेक बेडकांत अंतर्कर्णाची एंडोलिंफची (आतल्या द्रवाची) पिशवी कवटीतून निघून पाठीच्या कण्यातून खाली पसरते आणि मणक्यांच्या बाजूला पांढऱ्या चुनखडीच्या पिशव्यांच्या रूपात दिसते. हा कॅल्शियमचा साठा असतो आणि डिंभाचे प्रौढात रूपांतर होताना हाडे घट्ट व्हायला तो उपयोगी पडतो. बेडूक उघडल्यावर मणक्यांलगतचे हे पांढरे ठिपके प्रत्येक तुकडीतला कुणीतरी विद्यार्थी रोगाची गाठ म्हणून दाखवायला आणत असे, आणि ते कानाचेच अंग आहे हे सांगितल्यावर कुणाचाच विश्वास बसत नसे.

ध्वनिरेषा

डिंभांचे काय? बेडूक कोणताही असो, त्याचा डिंभ पाण्यातलाच. एकाच प्राण्यात पाण्यातला कान आणि हवेतला कान यांची तुलना त्यातून आयती मिळायला हवी.

डबकेवासी

मिळते, आणि तीही अनपेक्षित. बुलफ्रॉगच्या डिंभाला कर्णपटल नसते. त्याच्याकडे फुप्फुसाच्या बाजूपासून अंतर्कर्णाच्या गोल खिडकीपर्यंत जाणारा एक तंतुमय दुवा असतो. विट्शी यांनी १९४९ साली त्याचे वर्णन केले. पुन्हा तेच सूत्र, हवा जवळ बाळगण्याचे. रूपांतराच्या काळात हा दुवा विरतो, अंडाकृती खिडकीवर कूर्चा वाढते, आणि नवा मध्यकर्ण अजून तयार झालेला नसतो. बोटराइट-होरोविट्झ आणि सिमन्स यांनी १९९७ साली दाखवले की या टप्प्यावर मेंदूतल्या श्रवणकेंद्राचा आवाजाला प्रतिसाद जवळपास बंद पडतो आणि नंतर परततो. अंतर्कर्ण या सगळ्या काळात जागेवरच असतो. आवाज आत येण्याची वाट तेवढी बदलत असते.

तोलाच्या बाजूचे उदाहरण झेनोपसच्या डिंभातच आहे. २००८ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की अर्धवर्तुळाकार नलिका, तिच्या केशपेशी आणि मेंदूपर्यंतच्या नसा तयार झालेल्या असूनही डोके वळवल्यावर डोळे उलट दिशेला फिरण्याची प्रतिक्रिया लगेच सुरू होत नाही. नलिकेची पोकळी पुरेशी रुंद झाल्यावरच आतला द्रव केशपेशींना हलवण्याइतका वाहू शकतो. अगदी लहान नळीत चिकटपणा जिंकतो. ही मर्यादा प्राण्याच्या आकारमानाची आहे, अधिवासाची नाही.

पावशा

आपल्याकडच्या तळ्यांत डोळे तेवढे वर काढून तरंगणारा आणि चाहूल लागली की पाण्यावरून टपाटप उड्या मारत पळणारा बेडूक, म्हणजे युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस, या चित्रात कुठे बसतो?

डबकेवासी

अर्ध्या वाटेवर. तो पाण्याला बांधलेला आहे, पण डोके पाण्याबाहेर ठेवून हाक मारतो आणि त्याचे कर्णपटल डोळ्यामागे स्वच्छ दिसते. त्याचा आवाज हवेत जातो, म्हणून कानही हवेतला. पावसाळ्यात पिवळाधमक होणारा आपला मोठा होप्लोबॅट्राकस टायगेरिनस त्याच्याच कुळातला आहे आणि त्याचीही मांडणी तशीच आहे. पाण्यात राहणे आणि पाण्याखाली संवाद साधणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. कानाच्या दृष्टीने दुसरी महत्त्वाची.

याचे उलट टोक पाहायचे तर चीनच्या आनह्वेई प्रांतातला ओडोराना टॉर्मोटा घ्या. त्याचे ओढे इतके गडगडाट करतात की नर श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येण्याइतक्या उंच वारंवारतेचे, आवाज काढतात आणि ते त्यांना ऐकूही येतात, हे २००६ साली सिद्ध झाले. बोर्निओतला हुइया कॅविटिंपॅनमही तसाच. दोघांचेही कर्णपटल खोल खळग्यात असते. यांच्या बॅसिलर पॅपिला तपासल्या गेल्या तेव्हा केशपेशींचे झुबके आखूड आणि पॅपिला ज्या कप्प्यात असते त्याचे तोंड लहान आढळले. इथे मात्र अंतर्कर्ण खरोखर बदललेला दिसतो, आणि त्याला कारण झाला तो पाण्याचा गोंगाट, तोही हवेतून ऐकू येणारा.

मुशीवाले मास्तर

हे शेवटचे उदाहरण चांगले दिलेत. पिपिडांतही असेच बारीक फरक शोधायला हवेत. झेनोपसच्या वेगवेगळ्या जातींच्या हाकांत दोन ठळक वारंवारता असतात, त्यांचे गुणोत्तर जातीनुसार ठरते आणि मादीचा कान स्वतःच्या जातीच्या जोडीला अधिक संवेदनशील असतो, असे २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले आहे. ही संवेदनशीलता मादीच्या अंडाशयातल्या संप्रेरकांवर अवलंबून असते. ती चकतीत ठरते, पॅपिलेच्या पटलात ठरते की केशपेशीत, यावर कुणी आयोडीनने रंगवून सूक्ष्म सीटी केलेल्या कवट्यांच्या प्रतिमा पाहिल्या असतील तर त्यांनी इथे जरूर लिहावे. माझ्या मते पहिली नजर बॅसिलर पॅपिलेच्या कप्प्याच्या तोंडाकडे जायला हवी.